बीजभेद, बुद्धिभेद आणि मेध्य चिकित्सा

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील तिसऱ्या अध्यायात भरद्वाज शंका घेतात, की अपत्य माता-पित्यांपासून उत्पन्न होत असेल तर जड, अंध, मूक यांची अपत्ये त्यांच्यासारखीच का निपजत नाहीत? आत्रेयांचे उत्तर असे, की बीजाचा जो भाग उपतप्त असेल, त्यापासून होणाऱ्या अवयवातच विकृती येते. यावरून आधुनिक जनुकशास्त्र आपल्या ग्रंथांत अगोदरच होते, असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. शंका मात्र तीच आहे, जी परीक्षेत मागे पडणाऱ्या मुलाला घेऊन आलेले पालक आजही विचारतात : "हे वंशातूनच आले का?"

जुळ्यांच्या अभ्यासांत बुद्धिमापनातील तफावतीपैकी सुमारे निम्मी तफावत जनुकभेदांशी निगडित आढळते. बालपणी हे प्रमाण कमी असते व वयानुसार वाढते. परंतु हे प्रमाण समूहातील तफावतीचे आहे. एखाद्या बालकाची निम्मी बुद्धी वंशातून आली, असा त्याचा अर्थ नव्हे. सन २०१८ मध्ये युरोपीय वंशाच्या सुमारे ११ लक्ष व्यक्तींच्या अभ्यासात शिक्षणकालाशी संबंधित १,२७१ जनुकीय भेद हाती लागले. त्या आधारे काढलेल्या गुणांकाने बौद्धिक क्षमतेतील केवळ ७ ते १० टक्के तफावत उलगडली. तेव्हा लाळेच्या तपासणीवरून मुलाची बुद्धिमत्ता सांगणारा अहवाल कोणी समोर ठेवल्यास त्यावर विसंबू नये.

याच्या उलट, एकाच जनुकातील दोषाने बुद्धी झाकोळते, अशीही उदाहरणे आहेत. सन १९३४ मध्ये नॉर्वेतील एका मातेने आपल्या दोन मंदबुद्धी मुलांच्या मूत्रास विचित्र गंध येतो, अशी तक्रार केली. डॉ. फॉलिंग यांनी त्या मूत्रात फेरिक क्लोराइड घातले, तो ते हिरवे झाले. हाच फिनाइलकीटोन्यूरिया. माता-पिता दोघेही निरोगी, परंतु दोघेही दोषवाहक. अशा वेळी प्रत्येक गर्भास हा विकार होण्याचा संभव २५ टक्के असतो. प्रथिनांतील फिनाइलअॅलनिनचे पचन होत नाही, ते रक्तात साचते व मेंदूस अपाय करते. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच आहार नियंत्रित केल्यास बुद्धी बहुतांशी प्राकृत राहते. बीजदोष तोच राहतो, फळ बदलते. सुश्रुतांनी मेधा सात्म्यज भावांत गणली आहे, याचे स्मरण येथे होते.

आता आपल्या व्यवहाराकडे वळू. चरकोक्त चार मेध्य रसायनांपैकी यष्टीमधुचूर्ण दुधासह सांगितले आहे. वरील विकारात दुधाचे प्रमाण काटेकोर मोजूनच द्यावे लागते. मग निदानावाचून क्षीरानुपान सुचविणारा वैद्य नेमका अपायच करतो. आमच्या व्यवहारात याहून अधिक आढळणारा विकार म्हणजे जन्मजात थायरॉइडन्यूनता. साधी रक्ततपासणी व पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलेले थायरॉक्सिन यांनी जे साधते, ते पुढे वर्षभर ब्राह्मीघृत देऊनही साधत नाही. मान न धरणारे, सुस्त, मलावष्टंभ असलेले अर्भक आल्यास आम्ही प्रथम टी.एस.एच. करवून घेतो.

औषधविक्रेत्यांसही एक विनंती आहे. साखरविरहित मेध्य सिरपमध्ये अॅस्पार्टेम असल्यास त्यातून फिनाइलअॅलनिनच मिळते. तेव्हा वेष्टनावरील सूचना वाचल्याशिवाय लहान मुलांसाठी अशी बाटली देऊ नये.