डेटा अ‍ॅनालिटिक्स : पहिला धडा आपल्याच वहीतून

बारावी किंवा बी.कॉम. झालेल्या मुलामुलींचे पालक हल्ली बाजारपेठेत भेटले की एक प्रश्न हमखास विचारतात. "डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स आहे, फी मोठी आहे. मुलाला घालावे का? नोकरी लागेल का?" प्रश्न रास्त आहे. चार माग चालवणाऱ्या किंवा शिलाईच्या मशीनवर घर चालवणाऱ्या माणसाला ती फी कर्ज काढूनच भरावी लागते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी हे काम काय आहे, त्याला काय काय यावे लागते आणि त्यातले घरबसल्या किती शिकता येते, हे नीट समजून घेतले पाहिजे.

हे काम म्हणजे काय?

जमा झालेल्या नोंदींना नेमका प्रश्न विचारायचा, हिशोबाने त्याचे उत्तर काढायचे आणि ते मालकाला समजेल असे मांडायचे, एवढाच या कामाचा अर्थ. आपला मुनीम सांगतो की बाजारात आठ लाख येणे आहे. डेटा अ‍ॅनालिस्ट त्याच वहीतून सांगतो की त्यातले कोणाचे किती दिवस थकले, कोणत्या मालाचे पैसे उशिरा येतात आणि पुढच्या हंगामात कोणाला उधार देताना हात आखडावा. बँका, रुग्णालये, कारखाने, भिवंडीच्या गोदामांतून माल पाठवणाऱ्या कंपन्या, सगळीकडे असे काम असते. नवख्याला मिळणाऱ्या जागेचे नाव बहुधा "एमआयएस एक्झिक्युटिव्ह" किंवा "ज्युनियर डेटा अ‍ॅनालिस्ट" असते. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला यातले अर्धे प्रश्न आधीच ठाऊक असतात. ही त्याची जमेची बाजू आहे, पण ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

पहिली पायरी : नोंद साफ करणे

या कामाचा बराचसा वेळ नोंदी साफ करण्यात जातो. आपल्या पेढीची एका वर्षाची विक्री टॅलीतून एक्सेलमध्ये काढून पाहा. एकच गिऱ्हाईक "मो. इस्माईल", "मोहम्मद इस्माईल" आणि "इस्माईल भाई" अशा तीन नावांनी सापडेल. शेखचे स्पेलिंग दोन-तीन प्रकारचे असेल. संगणकाच्या हिशोबी हे वेगवेगळे गिऱ्हाईक झाले.

यावर उपाय म्हणजे नावाऐवजी क्रमांकाने ओळखणे. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७) आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. तो पॅन सारखा असेल तर पेढी एकच. ज्यांचा जीएसटी क्रमांक नाही, त्यांना आपणच एक क्रमांक द्यावा आणि तो कायम ठेवावा.

दुसरी खोड तारखेची. आपण ५/७ म्हणजे पाच जुलै लिहितो. संगणक अमेरिकन पद्धतीवर ठेवलेला असेल तर तो सात मे समजतो. तारखा बिघडल्या की उधारीचे सगळे दिवस चुकतात, आणि पडद्यावर चुकीची खूण कुठेच दिसत नाही.

दुसरी पायरी : औसत आणि मध्यक

उर्दू शाळेत आपण ज्याला औसत म्हणायचो, तीच मराठीतली सरासरी. सगळे तिच्यावर भरवसा ठेवतात, पण ती फसवू शकते. समजा पाच गिऱ्हाइकांनी अनुक्रमे २०, २५, २५, ३० आणि १५० दिवसांनी पैसे दिले. बेरीज २५०, सरासरी ५० दिवस. मालक म्हणेल, "बाजार ५० दिवसांवर गेला." पण चार जणांनी तर महिन्याच्या आतच दिले आहेत! आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला तर तो २५ येतो. हा मध्यक. बाजार ठीक आहे, एकच गिऱ्हाईक बिघडले आहे. सरासरी पाहून सगळ्यांची उधारी बंद केली तर चार चांगली गिऱ्हाइके हातची जातील. मध्य, मध्यक आणि बहुलक हे शाळेच्या गणितातच शिकवतात. मुलांनी ती पुस्तके रद्दीत घालू नयेत.

तिसरी पायरी : दोन वह्या जोडणे

विक्रीची वही वेगळी आणि वसुलीची वेगळी असते. कामाचे प्रश्न दोन्ही जोडल्यावर सुटतात. समजा एका जातीच्या कापडात एक लाख गुंतवले की ३,००० रुपये सुटतात आणि पैसे एका महिन्यात परत येतात. दुसऱ्या जातीत ६,००० सुटतात, पण पैसे यायला चार महिने लागतात. नुसती विक्रीची वही पाहिली तर दुसरे कापड दुप्पट फायद्याचे वाटते. वसुली जोडून पाहिले तर कळते की पहिल्या कापडात तोच लाख चार महिन्यांत चार वेळा फिरतो आणि १२,००० देतो.

एक्सेलमध्ये ही जोडणी व्हीलुकअप किंवा एक्सलुकअप या सूत्रांनी होते, आणि गटवार बेरीज पिव्हट टेबलने. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. मोठ्या कंपन्यांच्या नोंदी त्याहून कितीतरी जास्त असतात, म्हणून तिथे एसक्यूएल ही भाषा लागते. तिचा पाया आयबीएम कंपनीत १९७० च्या दशकात घातला गेला आणि ती आजही चालते. सुरुवातीला सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय आणि जॉईन ही चार कामे पक्की करावीत.

जोडताना एक सावधगिरी हवी. ३०,००० चे एक बिल गिऱ्हाइकाने दहा-दहा हजारांच्या तीन हप्त्यांत फेडले. दोन्ही वह्या सरळ जोडल्या की ते बिल तीन ओळींत तीनदा येते आणि विक्री ९०,००० दिसते. म्हणून आधी प्रत्येक बिलाची वसुली एकत्र करावी, मग जोडावे. शेवटी जुन्या मुनीमांसारखा ताळा पाहावा : जोडण्यापूर्वीची एकूण विक्री आणि नंतरची एकूण विक्री एकच आली पाहिजे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागाल ते सूत्र क्षणात लिहून देतात. त्यामुळे सूत्र पाठ असण्याची किंमत कमी झाली आहे, पण ताळा पाहणाऱ्याची वाढली आहे.

चौथी पायरी : मालकासमोर मांडणे

उत्तर एका पानात बसले पाहिजे. उधारी ० ते ३०, ३१ ते ४५, ४६ ते ९० आणि ९० दिवसांच्या वर अशा चार खान्यांत लावा. ४५ चा खाना मुद्दाम ठेवला आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. माग चालवणाऱ्याने हा तक्ता समोर ठेवला तर कोणाला कायद्याची आठवण द्यायची, हे त्याला एका नजरेत कळेल. असे तक्ते आणि आलेख पॉवर बीआयमध्ये करता येतात. त्याची डेस्कटॉप आवृत्ती विंडोजच्या संगणकावर फुकट मिळते.

कुठे शिकावे, किती दिवसांत?

रोज दोन तास दिले तर पहिला महिना एक्सेलला, दुसरा नोंदी साफ करणे आणि सांख्यिकीला, तिसरा एसक्यूएलला आणि चौथा पॉवर बीआयला द्यावा. एक्सेल नसेल तर गुगल शीट्स किंवा लिब्रे ऑफिस फुकट आहे. एसक्यूएलसाठी मायएसक्यूएलची कम्युनिटी आवृत्तीही फुकट आहे. पायथॉन ही भाषा नंतर शिकली तरी चालते. केंद्र सरकारच्या "स्वयम्" वर अभ्यास मोफत आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी फी पडते. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. बारावीला कोणतीही शाखा असली तरी दहावीला गणित आणि इंग्रजी घेतलेला विद्यार्थी त्याच्या पात्रता फेरीला बसू शकतो.

उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीला घाबरू नये. या कामातले इंग्रजी शब्द दोनशे-तीनशे असतील, ते वापरून वापरून येतात. पण केलेले काम साध्या इंग्रजीत पाच मिनिटे बोलून सांगता आले पाहिजे. त्याचा सराव मात्र रोज मोठ्याने करावा.

महागड्या क्लासला फी भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. शिकवणाऱ्याने स्वतः हे काम केले आहे का? सरावाला खऱ्या नोंदी देतात का? "नोकरीची हमी" लेखी देतात का, आणि तिच्या अटी काय? मागच्या तुकडीतल्या दोन मुलांशी बोलू देतात का? उत्तर टाळले तर उठून यावे.

व्यापारी बंधूंना एक विनंती

नोकरी देणारा प्रमाणपत्र बघतो, पण त्याआधी विचारतो, "काय काम केले आहे ते दाखवा." नवख्या मुलाची गाडी इथेच अडते. त्याच्याकडे दाखवायला काम नसते आणि कामाशिवाय काम मिळत नाही. हा अडसर आपण दूर करू शकतो. ओळखीच्या मुलाला किंवा मुलीला आपल्या पेढीची मागच्या वर्षाची वही द्या आणि एक खरा प्रश्न द्या : पैसे कुठे अडकले? महिनाभराने जे पान तयार होईल, त्याने आपलाही फायदा होईल आणि त्याच्याजवळ मुलाखतीत दाखवायला काम असेल.

मुलांनीही लक्षात ठेवावे की पेढीची वही ही अमानत आहे. बाहेर दाखवण्यापूर्वी गिऱ्हाइकांची नावे, फोन आणि जीएसटी क्रमांक काढून टाकावेत, भाव बदलावेत आणि मालकाची परवानगी घ्यावी. जो हे न सांगता करतो, त्याच्यावर पुढचा मालकही विश्वास ठेवतो.

या आठवड्यात सुरुवात म्हणून एवढेच करा. मागच्या तीन महिन्यांची बिले घ्या. तारीख, गिऱ्हाईक क्रमांक, माल, मीटर, भाव आणि पैसे आल्याची तारीख असे सहा रकाने भरा. नंतर प्रत्येक गिऱ्हाइकाचे दिवस मोजून मध्यक काढा. क्लासची फी भरायची की नाही, हे त्यानंतर ठरवा.