कॉपी ठशाचं म्हणून नाक मुरडू नकोस

अगं, परवा फोनवर म्हणालीस, "ताई, पदक देखणं होतं गं, पण कॉपी ठशातलं निघालं, म्हणून सोडलं." तेव्हापासून मला चुटपुट लागून राहिलीय.

अमेरिकी सेनानी डॅनियल मॉर्गनचंच पदक बघ. १७ जानेवारी १७८१ ला काउपेन्सच्या लढाईत त्यानं ब्रिटिशांचा धुव्वा उडवला, म्हणून अमेरिकी काँग्रेसनं त्याला सुवर्णपदक दिलं. ठसे पॅरिसच्या द्युप्रे या कोरीवकाराचे. १८१८ मध्ये ते पदक पिट्सबर्गच्या बँकेतून चोरीला गेलं. नातवानं काँग्रेसकडे दाद मागितली, १८३६ मध्ये नवं पदक मंजूर झालं, पण पॅरिसमध्ये मूळ ठसेच सापडेनात! मग ज्याँ-जाक बार यानं १८३९ मध्ये तीच रचना नव्यानं कोरली; हाच तो कॉपी ठसा. त्या ठशांतून पाडलेलं सोन्याचं पदक २०२२ मध्ये लिलावात ९ लाख ६० हजार डॉलरला गेलं. आणि तू कॉपी म्हणून नाक मुरडतेस?

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीनं पुढे याच ठशांतून ब्रॉन्झची पदकं पाडली. बाजारात ब्रॉन्झ म्हणतात, पण एकोणिसाव्या शतकातली बहुतेक तांब्याची असतात, वर गडद तपकिरी रंग चढवलेली. मॉर्गनच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट ठेवणारी ती मूळनिवासी राणी या रंगात काय उठून दिसते म्हणून सांगू! तुझ्यासारख्या नवख्या संग्राहकाला यापेक्षा चांगली सुरुवात नाही.

भ्यायचं ते नकलेला. भिंग लाव. ओतीव नकलेची अक्षरं बोथट असतात, अंगावर बारीक छिद्रं दिसतात. इलेक्ट्रोटाइपमध्ये, म्हणजे विजेनं धातूचा थर चढवून केलेल्या नकलेत, दोन पत्रे जोडलेले असतात, त्याचा सांधा कडेवर सापडतो. पॅरिसच्या टांकसाळीची पदकं तर कडेवरूनच आपलं वय सांगतात: हाताचं बोट कोरलेलं असेल तर १८४५ ते १८६०, मधमाशी असेल तर १८६० ते १८७९, आणि फळाफुलांनी भरलेलं शिंग असेल तर १८८० नंतरचं. तेव्हा १७८९ चं म्हणून कुणी मधमाशीवालं पदक पुढे केलं, तर सरळ परत दे. ठसा मूळचा असला तरी पदक उशिराचं आहे, आणि पैसे त्याच हिशेबानं द्यायचे.

आणि एक, हात जोडून सांगते. घरी आणल्यावर चिंच, लिंबू, पितांबरी काहीही लावू नकोस. तो तपकिरी रंग टांकसाळीनं चढवलेला असतो. एकदा घासून गेला की परत येत नाही, आणि किंमतही त्याच्याबरोबर जाते.

ते सोडलेलं पदक अजून दुकानात असेल तर दुकानदाराकडून फोटो मागव. कडेचा आधी, आणि मला पाठव.