हॉटेलातील बिल आणि आपला राग



प्रथम ख्रिस्तप्रसादाचा दिवस असला, की मिस्सेनंतर कुटुंबाने एकत्र जेवायचे ही आपली जुनी रीत. पूर्वी घरासमोर मांडव पडायचा, शेजारणी कांदा चिरायला यायच्या. आता घरे लहान झाली, माणसे कामावर जाऊ लागली, तेव्हा बरीच कुटुंबे हॉटेलात जातात. त्यात वावगे काहीच नाही. अशाच एका कुटुंबाने यंदा आम्हाला जेवायला नेले. तेथे जे घडले ते त्यांची परवानगी घेऊन लिहीत आहोत. हॉटेलचे नाव देत नाही, कारण आमचा मुद्दा त्या एका हॉटेलापुरता नाही.

आम्ही अकरा जण होतो. महामार्गालगतचे हॉटेल, बाहेर फॅमिली रेस्टॉरंटची पाटी, रविवारची दुपार. बसायला जागा मिळाली, पण पाणी यायला पंधरा मिनिटे लागली. सुपाच्या आधी नूडल्स आले, भाजी आली तेव्हा रोट्या नव्हत्या, रोट्या आल्या तेव्हा भाजी गार झालेली. पनीरच्या ग्रेव्हीला आंबूस वास होता. आजींनी एक घास घेऊन ताटली हळूच बाजूला सारली. कोंबडीचे मांस हाडाजवळ लालसर दिसले आणि मुलीच्या वडिलांचा संयम सुटला. बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा दहा रुपये जास्त लावल्याचे दिसताच तर ते उभेच राहिले. समोर होता एक वेटर, विशीचाही नसेल. सारा आवाज त्याच्यावर निघाला. शेजारच्या टेबलांवरची माणसे वळून पाहू लागली. मुलगी पांढऱ्या पोशाखात खाली मान घालून बसली होती.

आणि आम्ही? आम्ही ताटात पाहत होतो. पाहुण्याने यजमानाच्या भांडणात पडू नये, असे मनाला समजावत होतो.

घरी आल्यावर बिलाची प्रत मागवून घेतली आणि शांतपणे वाचली. तेव्हा एक गमतीशीर गोष्ट ध्यानात आली. ज्या दोन गोष्टींवर आपण सर्वांत मोठ्याने बोललो त्या दोन्ही कच्च्या होत्या, आणि जी तक्रार पक्की होती ती कोणी केलीच नव्हती.

पाण्याच्या बाटलीचे घ्या. दुकानदाराने छापील किमतीहून जास्त घेणे हा गुन्हा आहे, हे आपल्याला ठाऊक असते. पण हॉटेलात बसून मागवलेल्या बाटलीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी निराळा निकाल दिला. तेथे केवळ वस्तूची विक्री होत नाही, जागा, पंखा, टेबल, वाढणारा माणूस हे सारे त्यात येते, म्हणून छापील किमतीचे बंधन तेथे लागू होत नाही. निकाल आवडो न आवडो, दहा रुपयांसाठीचा तो आरडाओरडा फुकट गेला.

कोंबडीचेही तसेच. कोवळ्या कोंबडीच्या हाडातील मगजाचा रंग शिजताना बाहेर झिरपतो आणि पूर्ण शिजलेले मांसही हाडाजवळ लाल दिसू शकते. कच्चेपणा रंगावरून नक्की ठरत नाही. आतपर्यंत साधारण ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोहोचली की नाही, यावर ते ठरते. आंबूस पनीर मात्र खरी काळजीची गोष्ट होती. हॉटेलात प्रत्येक भाजी वेगळी शिजत नाही. लाल, पिवळी, पांढरी अशा दोन-तीन ग्रेव्ह्या आधीच करून ठेवलेल्या असतात आणि ऑर्डर आली की त्यातून भाजी तयार होते. (सगळ्या भाज्या एकाच चवीच्या का लागतात, याचेही उत्तर यातच आहे.) अशी ग्रेव्ही ५ ते ६० अंशांच्या दरम्यान बराच वेळ राहिली की जंतू झपाट्याने वाढतात. वैशाखात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलेले पातेले नेमके त्याच तापमानात असते. आजींनी काही न बोलता जी ताटली सारली, तिच्याबद्दल मालकाला सांगायलाच हवे होते. आपल्यानंतर तीच ग्रेव्ही कोणाच्या तरी लहान मुलाच्या ताटात गेली असेल.

आता बिलाचा हिशेब. जेवणाचे ४,८६० रुपये. त्याखाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज, ४८६ रुपये. या दोहोंच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी, म्हणजे २६७ रुपये ३० पैसे. एकूण ५,६१३ रुपये ३० पैसे. यातला जीएसटी सरकारचा. अशा साध्या रेस्टॉरंटला नोव्हेंबर २०१७पासून पाच टक्के दर आहे, तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज मात्र सरकारचा नव्हे, हॉटेलचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या, की हा आकार बिलात आपोआप घालू नये, दुसऱ्या नावाने घालू नये आणि तो धरून बेरजेवर जीएसटीही लावू नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या, तेव्हा काही काळ स्थगिती होती. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना योग्य ठरवल्या. त्यावर अपील झाले आहे, हेही नोंदवून ठेवतो. म्हणजे आपल्या बिलात ५१० रुपये ३० पैसे असे होते, जे "हे काढून टाका" एवढे म्हणून वाचले असते. दहा रुपयांच्या बाटलीवरून गदारोळ झाला आणि पाचशे दहा रुपये मुकाट्याने दिले गेले.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र आम्हाला होते. त्यात रागावर एक प्रकरण आहे. रागच येऊ नये, असे तो म्हणत नाही. योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य वेळी, योग्य तेवढाच राग करणाऱ्याची तो स्तुती करतो आणि जेथे राग यायला हवा तेथे न येणे, हाही दोष मानतो. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला. आमच्या टेबलावर दोन्ही दोष हजर होते. मुलीच्या वडिलांचा राग चुकीच्या माणसावर निघाला. आमचा राग निघालाच नाही, आणि त्याला आम्ही मनातल्या मनात सौजन्य असे नाव दिले.

रोमचा सेनेका एक गोष्ट सांगतो. वेडियस पोलिओ नावाच्या श्रीमंताकडे सम्राट ऑगस्टस जेवायला आला होता. एका गुलाम पोराच्या हातून काचेचा उंची पेला फुटला. पोलिओने हुकूम सोडला, की याला तळ्यातल्या मोठ्या माशांपुढे टाका. पोराने सम्राटाचे पाय धरले. सम्राट तेथे पाहुणाच होता, पण तो ताटात पाहत बसला नाही. त्याने पोराला सोडवले, घरातले सगळे पेले समोर आणून फोडायला लावले आणि तळे बुजवून टाकायला सांगितले. ही गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांना कितीतरी वेळा सांगितली आहे. त्या दुपारी ती आठवली नाही.

पुढच्या मंगळवारी दुपारी चार वाजता आम्ही एकटेच त्या हॉटेलात गेलो. चहा मागवला. तोच मुलगा आला. ओडिशाचा. त्याने सांगितले, की त्या रविवारी तीनपैकी एक आचारी आला नव्हता आणि वेटरही दोनच होते. तंदूर वेगळा, चायनीजचा आचारी वेगळा, प्रत्येकाकडे ऑर्डरची वेगळी चिठ्ठी जाते. त्यांचा मेळ घालणारा कॅप्टन त्या दिवशी गल्ल्यावर बसला होता. मग नूडल्स आधी आणि रोट्या मागाहून येणारच. सर्व्हिस चार्जातले आपल्याला काय मिळते, असे विचारल्यावर तो नुसता हसला. आपण परत पाठवलेल्या कोंबडीचे पैसे मात्र त्याच्या पगारातून कापायचे ठरले होते.

हे ऐकून आम्ही उठून गल्ल्यावर गेलो. मालक भला माणूस वाटला, निदान ऐकून घेणारा. पनीरचे सांगितले, तेव्हा त्याने आत जाऊन आचाऱ्याला विचारले. सर्व्हिस चार्जचे सांगितले, तेव्हा थोडा वाद घातला, मग "फादर, तुम्ही म्हणता तर देतो" म्हणाला. आम्ही म्हटले, आम्ही म्हणतो म्हणून नको, बिल ज्यांनी भरले त्यांचा तो हक्क आहे म्हणून द्या. मुलाचा पगार कापणार नाही, असे त्याने कबूल केले. ते पाळले की नाही, हे पाहायला मुलीचे वडील स्वतः पुढच्या आठवड्यात गेले आणि त्या मुलाशी दोन शब्द बोलून आले. काय बोलले ते आम्ही विचारले नाही.

प्रत्येक वेळी मालक ऐकेलच असे नाही. तेव्हा काय करावे, तेही थोडक्यात सांगतो. बिल जपून ठेवावे. १ जानेवारी २०२२पासून बिलावर हॉटेलचा चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक छापणे सक्तीचे आहे. अन्न खराब असल्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करताना तो उपयोगी पडतो. पैशांच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेवढ्यानेही भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तेथे शुल्क लागत नाही. बिलावर 'कॉम्पोझिशन'खालील करदाता असे लिहिलेले असेल, तर त्या हॉटेलला ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते.

त्या बिलाची झेरॉक्स, हॉटेलचे नाव झाकून, धर्मग्रामाच्या कार्यालयात ठेवली आहे. ज्यांना हिशेब समजून घ्यायचा असेल त्यांनी रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर यावे. आपापली जुनी बिले आणलीत तरी चालतील.