तलाव एक, धनी अनेक

'नैसर्गिक साधनसंपत्तीचे व्यवस्थापन' हे शब्द मी प्रथम अर्थशास्त्राच्या तासाला ऐकले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कंधार तालुक्यातील आमच्या गावचा पाझर तलाव उभा राहिला. १९७२ च्या दुष्काळात सरकारने मराठवाड्यात ठिकठिकाणी अशी कामे काढली होती. आमची आजी त्या बांधावर पाट्या वाहत होती. कामावर सुकडी मिळे, हे ती अजून सांगते.

पाझर तलावाचे मुख्य काम पाणी साठविणे नसून जिरविणे हे होय. पाणी तळातून मुरमात उतरते व खालच्या अंगाच्या विहिरींना लागते. परंतु बालाघाटच्या बोडक्या उतारावरून दर पावसाळ्यात माती वाहून येते आणि तिचा गाळ तळाला बसतो. साठा घटतो, पाझरही मंदावतो. म्हणून विहिरीवाल्यास गाळ काढलेला हवा असतो. कोरडवाहू शेतकऱ्यासही तो हवाच. हलक्या रानात गाळ पसरला की ओल टिकते. (गाळ खारवट असल्यास रान बिघडते, तेव्हा तो आधी तपासून घेतलेला बरा.) राज्य सरकारची २०१७ ची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना याच हिशेबाची.

हिशेब सरळ दिसतो; पण तलाव ठेक्याने घेणाऱ्या मासेमारांस विचारावे! ते पावसाळ्यात बोटुकली सोडतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून तिन्ही एकत्र वाढतात. मात्र मासा विक्रीजोगा होण्यास आठ-दहा महिने पाणी टिकावे लागते. गाळ निघाला की खोली वाढते, हे त्यांच्या सोयीचे. पण तळ मुरमापर्यंत खरवडला तर पाणी झपाट्याने मुरते. विहिरीवाल्याचा नफा तो मासेमाराचा तोटा! माझ्या मते बांधापासून सुरक्षित अंतर सोडून मधल्या खोलगट भागाच्या तळाशी गाळाचा थर राखावा आणि बाकीचा भाग मोकळा करावा. वरच्या उतारावर समपातळी चर, गवत, सीताफळ व कडूनिंब हवेत, नाहीतर काढलेला गाळ पुन्हा येणारच. तिथे चराई बंद केली तर शेळ्या न्यायच्या कुठे, हे मात्र शेळीवाल्यांशी बसूनच ठरवावे लागेल.

आणि जिरविलेले पाणी कोणत्या पिकाला जाते? मांजरा धरण आटल्यावर एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस सुमारे ५ लाख लिटर. पावसाने दगा दिला हे खरेच, पण त्याच जिल्ह्यात उसाखालचे रानही थोडे नव्हते.

आमच्या तलावात गेल्या उन्हाळ्यात गाळ काढताना यंत्र थेट मुरमाला लागले. यंदा फाल्गुनातच तलाव कोरडा पडला आणि बोटभर मासळी चिखलात मेली. खालच्या दोन विहिरींना मात्र चैत्रातही पाणी होते. त्यांतल्या एकीवर ऊस उभा आहे.