चिकाचा हलवा आणि मलिदा : घरी केला तर किती, विकत घेताना काय विचारायचं?

रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, सप्टेंबरात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतं. अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यातून मुंबई-ठाण्यात आणि पुढे इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली घरांत तेव्हा चिकाचा हलवा घाटतात. गव्हाचा चीक, नारळाचं दूध आणि साखर एवढंच त्याचं भांडवल. तूप-मावा त्यात नसतो, कारण ज्यू आहारनियमांत मांसाच्या जेवणाबरोबर दुधाचं काही चालत नाही.

सव्वा किलोच्या आसपास हलव्याचा हिशेब असा. दर शहरी किरकोळ बाजारातले अंदाजे धरले आहेत; आपल्या भागातले घालून बेरीज पुन्हा करा.

• गहू अर्धा किलो : 20 रुपये
• नारळ 3 : 135 रुपये
• साखर पाऊण किलो : 35 रुपये
• बदाम 50 ग्रॅम : 45 रुपये
• सोललेले पिस्ते 50 ग्रॅम : 75 रुपये
• वेलची 5 ग्रॅम : 15 रुपये
• गॅस : 20 रुपये

एकूण 345 रुपये, म्हणजे किलोला पावणेतीनशेच्या घरात. यातले जवळपास तीन चतुर्थांश पैसे नारळ आणि सुक्या मेव्यावर जातात. त्यामुळे काटकसर करायची तर पिस्ते कमी करा. वर पेरायला बदामाचे काप पुरतात. नारळाला मात्र हात लावू नका, हलव्याची चव त्यातच आहे. गणपतीच्या दिवसांत नारळ महागतो, तेव्हा थोडे आधीच घेऊन ठेवा.

गहू तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. मग वाटून, गाळून रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं पाणी अलगद ओतून टाका; तळाशी बसलेला पांढरा गोळा म्हणजे चीक. हा खटाटोप टाळायला अनेक घरांत कॉर्नफ्लॉर वापरतात. पाव किलो कॉर्नफ्लॉरला तीस-पस्तीस रुपये पडतात. म्हणजे वेळ वाचतो, पैसे नाहीत. चिकाचा हलवा जास्त लवचिक होतो, कॉर्नफ्लॉरचा थोडा तुटक.

तयार नारळदूध घेतलं तर 200 मिलीची तीन-चार पाकिटं लागतात आणि खर्च शंभराने तरी वाढतो. पावडर घेताना घटक वाचा. काहींत केसिनेट, म्हणजे दुधातलं प्रथिन, असतं. हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. तो पदार्थ शाकाहारी असल्याचं सांगतो, दूधविरहित असल्याचं नाही.

मलिद्याचं गणित सोपं. एलियाहू हनवी, म्हणजे प्रेषित एलियाह, यांच्या नावाने नवस फेडताना किंवा शुभकार्यात तो करतात. वीस-पंचवीस जणांसाठी एक किलो पोहे, तीन नारळांचा चव, अर्धा किलो साखर, थोडा सुका मेवा आणि वेलची-जायफळ मिळून तीनशे रुपये होतात. सोबत फळं मांडतात, त्यांना अडीचशे-तीनशे धरा. माणशी पंचवीस रुपयांच्या आसपास पडतात. चूल पेटवावी लागत नाही, पण पोहे आयत्या वेळी भिजवा. लवकर भिजवले तर लगदा होतो.

हलवा ओळखीतल्या घरून मागवणार असाल तर तीन गोष्टी विचारा : चीक की कॉर्नफ्लॉर, नारळ ताजा की पाकिटातला, आणि घाटला कधी? नारळदुधामुळे तो बाहेर फार टिकत नाही. फ्रीजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवावा. सामानाच्या दुप्पट भाव सांगितला तर घासाघीस करू नका. मिश्रण कढईच्या कडा सोडून तेल सुटेपर्यंत दोन-दोन तास ढवळावं लागतं, आणि वरच्या यादीत त्या हातांची मजुरी धरलेलीच नाही.