घोट्याचे सांधेरोपण : फलनिष्पत्तीचा ताळेबंद

"गुडघा बदलता येतो, मग घोटा का नको?" हा प्रश्न रुग्ण व देणगीदार आम्हांस वारंवार विचारतात. प्रश्न रास्त असल्याने उपलब्ध पुराव्यांच्या आधारे त्याचा येथे परामर्श घेत आहोत.

घोट्याची तीव्र झीज बहुधा केवळ वयोमानाने नव्हे, तर जुन्या अस्थिभंगामुळे वा दुखापतीमुळे उद्भवते. साहजिकच रुग्ण पुष्कळदा कमावत्या वयाचा असतो. औषधे, आधारपट्टा व विशेष पादत्राणे यांनी आराम न पडल्यास प्रामुख्याने दोन शस्त्रक्रिया उरतात : सांधा कायमचा जोडून टाकणे अथवा कृत्रिम सांधा बसविणे. जोडणीने वेदना शमते, परंतु त्या सांध्याची हालचाल जाते व शेजारच्या सांध्यांवरील ताण वाढतो. रोपणाने हालचाल टिकते. मात्र धातू व प्लॅस्टिकचा तो सांधा कालांतराने सैल होऊ शकतो.

ब्रिटनमधील 17 केंद्रांत 50 ते 85 वर्षे वयाच्या 303 रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून या दोन पद्धतींची तुलना करण्यात आली. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर दोन्ही गटांचे चालणे व उभे राहणे चांगलेच सुधारले. परस्परांतील फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरला नाही. रोपणानंतर जखम भरण्यातील अडचणी व मज्जातंतूंच्या इजा अधिक आढळल्या. जोडणीनंतर काहींची हाडे जुळलीच नाहीत.

तथापि पहिल्या वर्षाच्या नफ्यावरून पेढीची पत ठरत नाही. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींत, जुन्या बनावटीचे सांधे धरून, दहा वर्षांत चारांपैकी एकाहून काहीसे अधिक सांधे पुन्हा शस्त्रक्रियेस आले. इंग्लंड व वेल्समध्येही 2010 पासून अशी नोंद ठेवली जाते. म्हणूनच जड अंगमेहनत करणाऱ्या तरुणास सामान्यतः जोडणी, तर बेताच्या हालचालींच्या वयस्क रुग्णास रोपण अधिक मानवते. जंतुसंसर्ग असल्यास वा पायाची संवेदना गेली असल्यास रोपण टाळावे लागते.

येथे आम्हांस एक उणीव प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. आमच्या अहवालांत शस्त्रक्रियांची संख्या दरवर्षी छापली जाते. रुग्ण पाच वर्षांनी कसा चालतो, याची नोंद मात्र नसते. निर्धन रुग्णास सांधा विनामूल्य देणे हे निम्मेच दान होय. तो सैल झाल्यास पुढील खर्चाची तरतूद नसेल, तर ते दान त्याच्यावर कर्ज ठरेल. यास्तव दीर्घकालीन नोंदवही व पुनर्शस्त्रक्रियेसाठी राखीव निधी, या दोन बाबी आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. देणगीदारांनी यंत्रसामग्रीइतकेच औदार्य या पाठपुराव्यासही दाखवावे, ही नम्र विनंती.