साथीचा शोध आणि रुग्णांची सोबत : डॉ. सुनीती सॉलोमन यांचे संशोधनकार्य

सन १९८५ अखेरपर्यंत भारतात एच.आय.व्ही.ची लागण झालेली एकही व्यक्ती आढळलेली नव्हती. अमेरिकेत एड्सचे पहिले रुग्ण १९८१ साली नोंदले गेले होते आणि तेथील बातम्या आपल्याकडेही पोहोचत होत्या. परंतु हा रोग पाश्चात्त्यांच्या स्वैर जीवनाचा परिपाक असून आपली कुटुंबव्यवस्था आपले रक्षण करील, अशी सर्वसाधारण समजूत होती. देशात तोवर तपासलेल्या रक्तनमुन्यांत लागण सापडली नव्हती, हा या समजुतीचा आधार. ज्यांना लागण होण्याचा संभव अधिक, त्यांचे रक्त कितीसे तपासले गेले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नव्हते. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन यांनी तो विचारला.

सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. चर्मव्यापारानिमित्त मद्रासला स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय घराण्यात, आठ भावंडांतील एकुलती एक मुलगी म्हणून त्या वाढल्या. लस टोचण्यासाठी दरवर्षी घरी येणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्यामुळे वैद्यकशास्त्राची ओढ लागली, असे त्या सांगत. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण, तेथेच भेटलेल्या डॉ. व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी विवाह, त्यानंतर ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे विकृतिशास्त्राचा अनुभव आणि १९७३ साली स्वदेशी परत, असा त्यांचा पूर्वार्ध. यजमान हृदयशल्यचिकित्सक होते. परदेशी राहून सुखवस्तू आयुष्य काढणे अवघड नव्हते.

सहा नमुने

त्यांच्या हाताखाली डॉ. सेल्लप्पन निर्मला ही ३२ वर्षांची विद्यार्थिनी पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधीत होती. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताची एच.आय.व्ही.साठी तपासणी करावी, असे सुनीतीबाईंनी सुचविले. निर्मला लहान गावातील परंपरानिष्ठ घरातल्या. त्यांना प्रथम संकोच वाटला. मद्रासमध्ये मुंबईप्रमाणे या व्यवसायाची ठरलेली वस्ती नव्हती. त्यामुळे सरकारी रुग्णालयात गुप्तरोगांच्या उपचारासाठी येणाऱ्या स्त्रियांशी ओळख करून घ्यावी लागली आणि त्यांच्याकडून कळले की, पोलिसांनी पकडलेल्या अनेक जणी सरकारी सुधारगृहात ठेवलेल्या असतात. निर्मला यांचे पती त्यांना स्कूटरवरून सुधारगृहापर्यंत सोडीत. हातमोजे नव्हते, संरक्षणाची अन्य साधने नव्हती. रक्तातील रक्तद्रव वेगळा काढण्याची तात्पुरती सोय सुनीतीबाईंनी करून दिली आणि नमुने निर्मला यांच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवले गेले.

तपासणीची सोय मद्रासमध्ये नव्हती. ती वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये, विषाणुशास्त्राचे प्रमुख डॉ. जेकब जॉन यांच्याकडे होती. फेब्रुवारी १९८६ मध्ये निर्मला व त्यांचे पती नमुने घेऊन रात्रीच्या गाडीने काटपाडीला आणि तेथून वेल्लोरला गेले. एलायझा चाचणीत विषाणूविरोधी प्रतिपिंडे असतील तर नमुन्याला रंग येतो. सहा नमुन्यांना पिवळा रंग आला. कोणाचाच विश्वास बसेना. त्या स्त्रियांचे रक्त पुन्हा घेण्यात आले, अधिक खात्रीची वेस्टर्न ब्लॉट चाचणी अमेरिकेत करण्यात आली आणि निष्कर्ष कायम राहिला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत केंद्र सरकारला व राज्य सरकारला ही माहिती देण्यात आली आणि मे महिन्यात तामिळनाडूचे आरोग्यमंत्री डॉ. एच. व्ही. हंडे यांनी ती विधानसभेत जाहीर केली.

अनेकांनी ती खोटी ठरविण्याचा प्रयत्न केला. तपासणीत चूक झाली असावी, असेही सुचविले गेले. प्रत्यक्षात या सहा नमुन्यांमुळेच देशात तपासणीची व्यवस्था उभी राहण्यास चालना मिळाली.

या शोधाची एक बाजू मात्र नजरेआड करता येत नाही. सुधारगृहातील त्या स्त्रिया स्वतंत्र नव्हत्या आणि रक्त नेमके कशासाठी घेतले जात आहे, हे त्यांना सांगितलेले नव्हते. आपली तपासणी गुप्तरोगांसाठी होत आहे, अशी त्यांची समजूत होती. त्या काळी असे चालत असे. २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्याने, माहिती देऊन घेतलेल्या संमतीवाचून अशी चाचणी करण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली आहे आणि रुग्णाची ओळख गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे. देशातील पहिला शोध ज्यांच्या रक्तातून लागला, त्यांना असे कोणतेही संरक्षण नव्हते. भीतीचे वातावरण पुढेही अनेक वर्षे होते. गोव्यात १९८९ साली रक्तदानानंतर लागण उघड झालेल्या डॉमिनिक डिसूझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले आणि ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. तेव्हाचा तेथील सार्वजनिक आरोग्य कायदा त्यास मुभा देत होता.

औषध नसताना

सुनीतीबाईंनी कोंडण्याचा नव्हे, ऐकण्याचा मार्ग धरला. महाविद्यालयात त्यांनी स्वेच्छा तपासणी व समुपदेशन सुरू केले. या रुग्णांत त्यांनी काम करू नये, असे प्रारंभी यजमानांचेही मत होते; रुग्णांच्या कहाण्या ऐकल्यास तुम्ही असे म्हणणार नाही, असे त्यांनी यजमानांना सांगितले. १९९३ साली शासकीय सेवा सोडून त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन व शिक्षण केंद्र स्थापन केले. हेच पुढे ‘वाय.आर.जी. केअर’ या नावाने ओळखले गेले. इतर रुग्णालयांनी नाकारलेले रुग्ण तेथे येऊ लागले.

विषाणूवर औषध नाही अशा रोगात डॉक्टरने करावयाचे काय? हा विषाणू शरीराच्या सीडी-४ नावाच्या संरक्षक पेशी हळूहळू नष्ट करतो. आठ-दहा वर्षे रुग्णाला काहीच जाणवत नाही. त्यानंतर एरवी सहज परतविले असते असे रोग त्याला गाठतात. अमेरिकेतील पाठ्यपुस्तकांत या रोगांमध्ये एका विशिष्ट न्यूमोनियाला अग्रस्थान होते. केंद्रातील डॉ. एन. कुमारसामी, सुनीतीबाई व सहकारी यांनी ५९४ रुग्णांच्या नोंदी तपासून २००३ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात चित्र वेगळे दिसले. सुमारे निम्म्या, म्हणजे ४९ टक्के रुग्णांना फुप्फुसाचा क्षय झालेला होता. त्या न्यूमोनियाचे प्रमाण अवघे ६ टक्के होते. आपल्या देशात एच.आय.व्ही.चा रुग्ण प्रथम क्षयाच्या खोकल्याने दवाखान्यात येतो, हे जाणल्यावाचून उपचाराची दिशा ठरणार नव्हती. परदेशी ग्रंथ वाचून हे कळले नसते. एकेका रुग्णाची कागदपत्रे वर्षानुवर्षे नीट ठेवल्यानेच ते कळले. कार्यालयीन कामात नोंदवहीला कंटाळणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

याहून अस्वस्थ करणारी नोंद २००० साली प्रसिद्ध झाली. केंद्रात आलेल्या १३४ बाधित स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. त्यांपैकी ८१ टक्के गृहिणी होत्या आणि ८८ टक्के स्त्रियांचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आला होता. म्हणजे ज्या कुटुंबव्यवस्थेच्या भरवशावर देश निर्धास्त होता, त्याच व्यवस्थेतून, पतीकडून पत्नीला, रोग घरात आला होता. स्त्रीने आपले वर्तन सांभाळावे, या उपदेशाने येथे काहीच साधणार नव्हते. पतीला लागण झाल्याचे कळल्यावर पत्नीला ते सांगायचे कोणी व कसे, हा समुपदेशकांपुढचा सर्वांत बिकट प्रश्न होता.

औषध आले तेव्हा

विषाणू पेशीत शिरून आपल्या प्रती काढतो तेव्हा त्याच्या हातून चुका फार होतात आणि अशा चुकांतूनच एखाद्या औषधाला न जुमानणारी जात निपजते. म्हणून एक औषध पुरत नाही. तीन औषधे एकत्र दिल्यास विषाणू जखडला जातो, हे १९९६ च्या सुमारास सिद्ध झाले. परंतु वर्षाचा खर्च दर रुग्णामागे दहा हजार डॉलरहून अधिक होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखविली आणि जगभर किमती उतरू लागल्या. १ एप्रिल २००४ पासून केंद्र सरकारने निवडक शासकीय रुग्णालयांत हे औषध मोफत देण्यास आरंभ केला.

ही स्वस्त भारतीय औषधे खरोखर तितकीच गुणकारी आहेत काय, अशी शंका परदेशांत होती. वाय.आर.जी. केअरच्या नोंदींनी तिचे उत्तर दिले. १९९७ मध्ये दर शंभर रुग्णांमागे २५ मृत्यू होत असत. २००३ मध्ये ते प्रमाण ५ वर आले.

सर्वच प्रयोग यशस्वी झाले असे नाही. पतीच्या संमतीवर अवलंबून न राहता स्त्रीला स्वतः वापरता येईल असे संरक्षक जेल शोधण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रयोगात चेन्नईचे केंद्र सहभागी होते. जानेवारी २००७ मध्ये तो थांबवावा लागला. जेलने संरक्षण होण्याऐवजी धोका वाढत असावा, अशी चिन्हे दिसली होती. स्त्रियांच्या हाती साधन देण्याची ती वाट तेवढ्यापुरती बंद झाली.

दुसरी वाट अनपेक्षित बाजूने उघडली. पती-पत्नींपैकी एकच बाधित असलेल्या १७६३ जोडप्यांवर नऊ देशांत एक मोठा अभ्यास झाला. भारतात तो चेन्नईला वाय.आर.जी. केअरमध्ये आणि पुण्याला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत चालला. निम्म्या जोडप्यांतील बाधित व्यक्तीला औषध लगेच सुरू केले. उरलेल्यांना, तेव्हाच्या प्रचलित पद्धतीप्रमाणे, सीडी-४ पेशी घटल्यावर. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, बाधित जोडीदाराकडूनच लागण झाल्याचे सिद्ध झालेल्या २८ घटना होत्या. त्यांपैकी लगेच औषध सुरू केलेल्या गटात केवळ एक होती. रुग्णाचे औषध हेच त्याच्या जोडीदाराचेही संरक्षण ठरले. लागण आढळताच, पेशींची संख्या न पाहता औषध सुरू करण्याचे धोरण भारताने २०१७ साली स्वीकारले.

सुनीतीबाईंच्या कार्याचा एक भाग कोणत्याही शोधनिबंधात बसणारा नव्हता. औषधाने तगलेल्या तरुण रुग्णांना संसार हवा होता आणि आपली लागण लपवून विवाह करणे त्यांना मान्य नव्हते. तेव्हा बाईंनी बाधित मुलामुलींची स्थळे जुळविण्यास आरंभ केला. शिक्षण, भाषा, कुटुंब यांच्याबरोबर सीडी-४ पेशींची संख्या आणि औषधोपचाराची स्थितीही त्या पाहत. यांतील जोडप्यांना निरोगी अपत्ये झाली. गरोदरपणात योग्य औषध घेतल्यास बहुतेक बालकांची लागण टळते. या कामावर ‘लव्हसिक’ नावाचा माहितीपटही निघाला. पत्रिका जुळविणाऱ्या समाजात रक्ताचे अहवाल जुळविणारी ही मध्यस्थ विरळाच म्हणावी लागेल.

२८ जुलै २०१५ रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी सुमारे पंधरा हजार रुग्ण त्यांच्या केंद्रात नियमित उपचार घेत होते. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. तपासणी व समुपदेशनाची केंद्रे आता जिल्हा रुग्णालयांपासून ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोहोचली आहेत. तेथील तपासणी विनामूल्य व गोपनीय असते आणि क्षयाच्या प्रत्येक रुग्णाला एच.आय.व्ही. तपासणी सुचविली जाते.